नवजाताचे श्वसनरक्षण आणि स्पॅनिशभाषक पालकांचे प्रश्न

जन्मून एक-दोन दिवस झालेल्या बालकाला सुई टोचावयाची म्हटले की घरातील मंडळींच्या मनात शंका येतात. बाळ एवढे लहान, औषध एवढे नवे. मग घाई कशासाठी? या शंकांना ‘अज्ञान’ म्हणून बाजूला सारणे सोपे असते. परंतु रोग एक, औषध एक आणि पालकांची भाषाही एक असताना एका देशात दहापैकी नऊ पालक होकार देतात आणि दुसऱ्या देशात त्याच भाषेतील पालक अडखळतात, तेव्हा दोष पालकांच्या समजुतीचा की समजावून सांगणाऱ्यांचा, हा प्रश्न उभा राहतो. आर.एस.व्ही. या विषाणूपासून नवजात बालकांचे रक्षण करण्याचा उपक्रम २०२३ पासून स्पॅनिशभाषक जगात मोठ्या प्रमाणावर राबविला गेला. त्या अनुभवाचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. विषय दूर देशीचा असला, तरी पालक ज्याला प्रथम विचारतात त्या वैद्याशी आणि औषधविक्रेत्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

रोगाचा परिचय

रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजेच आर.एस.व्ही., हा विषाणू १९५६ साली प्रथम चिंपांझींमध्ये आढळला आणि पुढच्याच वर्षी आजारी बालकांमध्येही सापडला. वयाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत बहुतेक प्रत्येक बालकास त्याचा संसर्ग होऊन जातो. मोठ्या माणसास त्यापासून साधा प्रतिश्याय होतो. तान्ह्या बालकात मात्र तो फुप्फुसातील अतिसूक्ष्म श्वासनलिकांपर्यंत उतरतो. त्यांना सूज येते, आत स्राव साठतो आणि मुळातच अरुंद असलेला मार्ग बंद होऊ लागतो. यालाच ब्राँकिओलायटिस म्हणतात. प्रतिश्यायाची उपेक्षा झाली तर कास आणि पुढे श्वास, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. येथे तो दोन-तीन दिवसांतच पूर्ण होऊ शकतो.

जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके या विषाणूमुळे दगावली. त्यांतील जवळजवळ निम्मी सहा महिन्यांच्या आतील होती आणि ९५ टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. या विषाणूचा नाश करणारे, नित्य वापरता येईल असे औषध बालकांसाठी उपलब्ध नाही. प्राणवायू, द्रवपुरवठा आणि काळजीपूर्वक देखरेख हीच चिकित्सा होय. प्रतिजैविकांचा या विषाणूवर परिणाम होत नाही. म्हणूनच प्रतिबंधास महत्त्व आहे.

लस नव्हे, सिद्ध प्रतिद्रव्य

पालकांचा पहिला गोंधळ नावापाशी होतो. निर्सेव्हिमॅब या औषधाला युरोपीय संघात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रूढ अर्थाने ही लस नव्हे. लस शरीराला प्रतिद्रव्य निर्माण करावयास शिकविते. येथे प्रतिद्रव्य सिद्ध स्वरूपातच दिले जाते. आईच्या शरीरातील प्रतिद्रव्ये नाळेवाटे गर्भाला मिळतात आणि जन्मानंतरचे काही महिने त्याचे रक्षण करतात. त्याच जातीचे, परंतु या एकाच विषाणूसाठी घडविलेले हे उसने संरक्षण आहे, असे म्हणता येईल. पाच किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकास ५० मिलिग्रॅम आणि त्याहून अधिक वजनाच्या बालकास १०० मिलिग्रॅम, अशी एकच मात्रा मांडीच्या स्नायूत दिली जाते. निदान पाच महिने, म्हणजे रोगाचा एक हंगाम, तिचा उपयोग होतो. त्यानंतर ती हळूहळू शरीरातून निघून जाते.

दुसरा मार्ग गर्भिणीला लस देण्याचा. ही लसदेखील २०२३ मध्ये मान्य झाली. अमेरिकेत ती गर्भधारणेच्या ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात. आईने लस योग्य वेळी घेतली असेल, तर बालकास प्रतिद्रव्याची सहसा आवश्यकता राहात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये हे दोन्ही मार्ग शिफारसयोग्य ठरविले.

‘हे औषध फार नवे आहे’ ही शंका निराधार म्हणता येणार नाही. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत या विषाणूविरुद्ध एक मृत विषाणूंची लस बालकांना देऊन पाहिली गेली. ती घेतलेल्या बालकांना पुढे नैसर्गिक संसर्ग झाला तेव्हा रोग अधिक तीव्र झाला. अनेक बालकांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोन बालके दगावली. या अनुभवामुळे पुढील संशोधन अनेक दशके मंदावले. १९९८ मध्ये पॅलिव्हिझुमॅब हे प्रतिद्रव्य आले. परंतु ते दर महिन्यास टोचावे लागे आणि अत्यंत महाग असल्याने अपुऱ्या दिवसांची अथवा हृदयरोग असलेली बालके एवढ्यांपुरतेच मर्यादित राहिले. विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे पेशीशी जोडले जाण्यापूर्वीचे मूळ रूप २०१३ मध्ये उलगडले आणि त्या रूपाला नेमके धरणारी द्रव्ये घडविणे सुकर झाले. जुन्या लसीचा दोष असा, की तिच्यामुळे शरीरात चुकीची प्रतिक्रिया घडून येई. सिद्ध प्रतिद्रव्य देताना शरीराला तशी प्रतिक्रिया करावयास लावलेच जात नाही. हे समजावून सांगितल्यास पालकांची शंका बरीचशी दूर होते. ‘घाबरण्याचे कारण नाही’ एवढेच म्हटल्याने ती दूर होत नाही.

एक भाषा, निरनिराळे अनुभव

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसिया प्रांतात २५ सप्टेंबर २०२३ पासून हे प्रतिद्रव्य सर्व नवजात बालकांना विनामूल्य देण्यास आरंभ झाला. हंगामात जन्मलेल्यांना प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वीच, आणि आधी जन्मलेल्या सहा महिन्यांखालील बालकांना बोलावून, मात्रा दिली गेली. पहिल्या काही महिन्यांतच दहा हजारांहून अधिक पात्र बालकांपैकी सुमारे ९२ टक्के बालकांना ती मिळाली. या विषाणूमुळे रुग्णालयात दाखल होण्यापासून ८२ टक्के संरक्षण लाभल्याचे तेथील अभ्यासात दिसून आले.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचा अनुभवही असाच बोलका आहे. २०२३ च्या हिवाळ्यात तेथील बालकांचे अतिदक्षता विभाग अपुरे पडले, बालमृत्यूंवरून देशभर प्रक्षोभ झाला आणि आरोग्य खात्याच्या उपमंत्र्याला पद सोडावे लागले. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२४ पासून, शासनाने सर्व तान्ह्या बालकांना प्रतिद्रव्य देण्यास सुरुवात केली. दहापैकी नऊहून अधिक बालकांपर्यंत ते पोहोचले आणि त्या हंगामात एक वर्षाखालील एकही बालक या विषाणूने दगावले नाही, असे तेथील आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले. शेजारच्या अर्जेंटिनाने त्याच वर्षी गर्भिणीला लस देण्याचा मार्ग स्वीकारला.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींहून अधिक आहे. तेथे २०२३ च्या ऑगस्टमध्ये शिफारस झाली, परंतु ऑक्टोबर उजाडेपर्यंत औषधाचा तुटवडा पडला आणि शिल्लक मात्रा अधिक धोक्यातील बालकांसाठी राखून ठेवाव्या लागल्या. एका मात्रेची किंमत ४९५ डॉलर होती. गरीब व विमा नसलेल्या बालकांना लसी विनामूल्य देणारी शासकीय योजना तेथे आहे. तथापि पुष्कळशी प्रसूतिगृहे त्या योजनेत नोंदलेलीच नव्हती. अशा ठिकाणी आईला ‘बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन घ्या’ असे सांगितले जाई. नुकतीच बाळंत झालेली, गाडी नसलेली, इंग्रजी न येणारी आई ती फेरी पुढे ढकलते. आणि नोंदवहीत मात्र ‘पालक अनुत्सुक’ असा अर्थ निघतो. गालिसियात हीच मात्रा आईच्या खाटेपाशी येत होती. हा भेद संस्कृतीचा नसून व्यवस्थेचा आहे, हे आम्हास विशेष लक्षणीय वाटते.

पालक काय विचारतात?

स्पॅनिशभाषक पालकांच्या शंका पाहिल्या तर आपल्याच दवाखान्यात बसल्याचा भास होतो.

पहिली अडचण रोगाच्या नावाची. स्पेनमधील पालक ‘ब्रोंकिओलितिस’ हा शब्द ओळखतात, कारण दर हिवाळ्यात तो घरोघरी ऐकू येतो. अमेरिकेतील पालकासमोर मात्र इंग्रजी आद्याक्षरे येतात. भाषांतरित पत्रकातही घोळ असतो: स्पेनमध्ये ‘सिन्सिटियल’ या शब्दाचे जे लेखन रूढ आहे, ते चिली व अर्जेंटिनात वेगळे आहे आणि आद्याक्षरांचा क्रमही देशोदेशी बदलतो. ज्या रोगाचे नाव कधी ऐकले नाही, त्याच्या प्रतिबंधासाठी दोन दिवसांच्या बाळाला सुई का टोचावी, हा प्रश्न स्वाभाविकच म्हणावा लागेल.

दुसरी शंका बाळाच्या लहानपणाची. लॅटिन अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या चाळीस दिवसांना ‘कुआरेन्तेना’ म्हणतात. या काळात आईने वारा टाळावा, थंड पदार्थ खाऊ नयेत, बाळाला बाहेर नेऊ नये, असा संकेत आहे. आपला सव्वा महिना आणि शास्त्रातील दीड महिन्याचा सूतिकाकाल यांची येथे आठवण व्हावी. आजीचा शब्द या दिवसांत शेवटचा असतो. अशा घरात ‘पुढच्या आठवड्यात बाळाला घेऊन या’ हे सांगणे म्हणजे आजीच्या शब्दाविरुद्ध जाण्यास सांगणे होय. परंतु याच संकेताचा दुसरा अर्थही आहे: बाळाला गर्दीपासून आणि सर्दी झालेल्या पाहुण्यांपासून दूर ठेवणे हे या रोगाच्या प्रतिबंधास पोषकच आहे. आजीला विरोधक न मानता तिच्या या नियमाचा आधार घेऊन बोलले, तर संवाद सुकर होतो.

तिसरी शंका स्तनपानाविषयी. आईचे दूध असताना आणखी काय हवे? स्तनपानाने श्वसनरोगांची तीव्रता कमी होते, हे खरेच आहे. परंतु केवळ त्यावर विसंबणे पुरेसे नाही; अंगावर पिणारी, पूर्ण दिवसांची, सुदृढ बालकेही या रोगाने रुग्णालयात दाखल होतात. दोन्ही गोष्टी एकत्र करावयाच्या आहेत, एकीऐवजी दुसरी नव्हे.

चौथी शंका दुष्परिणामांची. क्वचित अंगावर पुरळ येणे आणि टोचलेल्या जागी सूज वा लाली हे आढळलेले सामान्य परिणाम आहेत. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया दुर्मीळ असली तरी संभवते. हे लपवू नये. लपविलेली गोष्ट पुढे कळली, तर तीच मोठी होते.

पाचवी गोष्ट शंका नसून मौन आहे. वैद्याविषयीच्या आदरास त्या समाजात ‘रेस्पेतो’ म्हणतात. या आदरापोटी पालक समोर मान डोलावतात, प्रश्न विचारीत नाहीत आणि घरी जाऊन वेगळाच निर्णय घेतात. दुभाष्या नसल्यास अनेकदा घरातील मोठे मूलच आईच्या वतीने बोलते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला धाकट्या भावाच्या औषधाचा धोका समजावून सांगावा लागतो. अमेरिकेत २०१६ च्या नियमाने, आणीबाणीचा प्रसंग वगळता, अल्पवयीन मुलांना दुभाषी करण्यास मनाई झाली. परंतु व्यवहारात ही पद्धत पुरती सुटलेली नाही.

कागदावरील सहीचा इतिहास

पालकांच्या या संकोचामागे जुन्या जखमाही आहेत. लॉस एंजेलिस येथील एका शासकीय रुग्णालयात १९७० नंतरच्या काही वर्षांत मेक्सिकन वंशाच्या अनेक स्त्रियांची, प्रसूतिवेदना चालू असतानाच, कायमची संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. संमतिपत्रे इंग्रजीत होती. पुष्कळ स्त्रियांना केवळ स्पॅनिश येत होते. दहा स्त्रियांनी १९७५ मध्ये न्यायालयात दाद मागितली. ‘माद्रिगल विरुद्ध क्विलिगन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल १९७८ मध्ये त्यांच्याविरुद्ध लागला. तथापि त्यानंतर स्पॅनिश भाषेतील संमतिपत्रांचा आग्रह रुजला. ज्यांच्या आजीने हे ऐकले वा भोगले, त्यांच्यापुढे प्रसूतिगृहात पुन्हा न समजणारा कागद आला, तर हात थांबणारच. २०२० मध्ये अमलात आलेल्या आणि २०२१ मध्ये मागे घेतलेल्या एका नियमाने परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या मनात ‘शासकीय मदत घेतली तर वास्तव्याचा परवाना जाईल’ अशी धास्ती निर्माण केली. बालकांच्या लसीकरणाचा त्या नियमाशी संबंध नव्हता. पण भीती नियमाची कलमे वाचून ठरत नाही.

बोतानिका आणि आपले औषधालय

अमेरिकेतील स्पॅनिशभाषक वस्त्यांत ‘बोतानिका’ नावाची दुकाने असतात. तेथे वनस्पती, काढ्यांचे साहित्य, धूप, ताईत मिळतात आणि सल्लाही मिळतो. बाळाची छाती भरली तर आई अनेकदा प्रथम तेथे किंवा ‘कुरान्देरा’ म्हणविणाऱ्या पारंपरिक उपचार करणाऱ्या स्त्रीकडे जाते. ही जागा आपल्या वाचकांना अनोळखी वाटू नये.

अशा ठिकाणाहून मिळणारा शब्द दोन्ही बाजूंनी परिणाम करतो. बाळाच्या पोटदुखीवर ‘आसार्कोन’ आणि ‘ग्रेता’ नावाची चूर्णे देण्याची पद्धत मेक्सिकन घरांत होती. १९८० च्या दशकात त्यांचे परीक्षण झाले तेव्हा ती शिसाची संयुगे निघाली: पहिले म्हणजे आपला शेंदूर, दुसरे म्हणजे मुर्दाडशिंग. ही द्रव्ये अशोधित अवस्थेत बालकाच्या पोटात गेली तर काय होते, हे रसशास्त्राच्या अभ्यासकांना सांगावयास नको. २०१८ मध्ये टेक्सास राज्यात मधाने भरलेल्या चोखण्यांमुळे चार बालकांना बोट्युलिझम हा घातक रोग झाला. त्या चोखण्या मेक्सिकोतून आणलेल्या होत्या. कापूर असलेले छातीला चोळावयाचे मलम त्या समाजात ‘वापोरू’ या लाडक्या नावाने घरोघरी असते, आणि दोन वर्षांखालील बालकास ते लावू नये असे त्याच्या वेष्टनावरच लिहिलेले असते.

आम्ही हे दुसऱ्यांच्या चुका दाखविण्यासाठी लिहीत नाही. एक वर्षाच्या आतील बाळासाठी मधाचे चाटण, तान्ह्या बाळाच्या छातीला कापराचे तेल, या गोष्टी आपल्याही गल्ल्यावर मागितल्या जातात. तेथे ‘नाही’ म्हणण्याचे काम औषधविक्रेत्याचे आहे. त्याचप्रमाणे, सुवर्णप्राशन केले म्हणजे लसीकरणाची आवश्यकता नाही, असे सांगण्यास कोणताही आधार नाही. तसे सांगणारा परंपरेचा मान वाढवीत नाही. तो बालकाचा जीव आपल्या शब्दाला टांगतो.

याउलट, विश्वासाच्या माणसाने योग्य शब्द दिला तर त्याचा मोठाच उपयोग होतो. स्पॅनिशभाषक वस्त्यांत ‘प्रोमोतोरा’ म्हणजे त्याच समाजातील प्रशिक्षित आरोग्यसेविका घरोघरी जातात. त्या आजीला बाजूला सारीत नाहीत, तिच्याशेजारी बसतात. आईला काय समजले ते तिच्याच शब्दांत सांगावयास लावणे, ही त्यांच्या कामातील साधी पण परिणामकारक रीत आहे.

आपल्याकडील संदर्भ

हा विषाणू महाराष्ट्रास परका नाही. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात २०१६ ते २०२० या काळात दोन वर्षांखालील बालकांतील आर.एस.व्ही.चा अभ्यास गावपातळीवर झाला आहे. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात या रोगाविरुद्धचे प्रतिद्रव्य वा लस समाविष्ट नाही. ते जेव्हा येईल तेव्हा, आणि तोपर्यंत इतर लसींबाबतही, वर वर्णिलेले सर्व प्रश्न येथे विचारले जातील. अमेरिकेत ‘स्पॅनिशभाषक’ म्हणून नोंदलेल्या कित्येक मातांची मायबोली मिश्तेक किंवा माम असते. स्पॅनिश ही त्यांचीही शिकलेली भाषा. मेळघाटातील कोरकू मातेच्या हाती मराठी पत्रक देऊन आपण समाधान मानले, तर तीच चूक आपल्याकडून घडेल.

तोपर्यंत प्रत्येक वैद्याला आणि औषधविक्रेत्याला करता येण्यासारखे एक काम आहे. दोन महिन्यांखालील बालकाचा श्वास मिनिटास साठ किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बालकाचा पन्नास किंवा अधिक. श्वास घेताना बरगड्यांखालील भाग आत ओढला जाणे. अंगावर पिणे निम्म्यावर येणे. ओठ निळसर दिसणे. मध्येच श्वास थांबणे – यांपैकी एकही लक्षण दिसल्यास चाटण, काढा वा लेप देत न बसता बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. अपुऱ्या दिवसांच्या बालकात खोकला नसतानाही श्वास थांबणे हेच पहिले लक्षण असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

गालिसियात आणि चिलीत पालक अधिक शहाणे होते असे नव्हे. त्यांना त्यांच्या भाषेत, योग्य वेळी, विनामूल्य आणि विश्वासाच्या माणसाकडून उत्तर मिळाले. पालकांचा प्रश्न हा नकार नसतो. तो उत्तराची वाट पाहत असतो. ते उत्तर जर प्रथम आपल्याकडे मागितले जात असेल, तर ते अचूक देणे हे आपले कर्तव्य ठरते, एवढेच आमचे नम्र निवेदन आहे.